ओल्या गादीचा इतिहास, भूगोल आणि शरीरशास्त्र

पहिलीच्या वर्गात ४० मुलं असतील, तर त्यांतली चार-पाच तरी अजून रात्री अंथरूण ओलं करतात. कुणाच्या डब्यात काय आहे, कुणाचा दात पडला, कुणाच्या घरी बाळ आलं, हे सगळं वर्गभर ठाऊक असतं. ही एकच गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. त्यामुळे त्या चार-पाच जणांतल्या प्रत्येकाला वाटतं, असा मी एकटाच. आईबाबांचंही तेच होतं. शेजाऱ्यांची गादी रोज गच्चीत का वाळते हे आपण विचारत नाही, आणि आपली का वाळते ते सांगत नाही. तर आज सांगूनच टाकू.

पाच वर्षांआधी मोजायचंच नाही

डॉक्टर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत रात्रीच्या शूला आजार म्हणत नाहीत, समस्याही म्हणत नाहीत. तीन वर्षांचं मूल दिवसा स्वतःहून ‘शू आली’ म्हणून पळतं आणि रात्री दुलई भिजवतं, यात वावगं काहीच नाही. दिवसाचा ताबा आणि रात्रीचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी येतात.

पाचव्या वर्षी सुमारे १५ टक्के मुलं रात्री ओली होतात. त्यानंतर उरलेल्यांपैकी साधारण १५ टक्के मुलं दरवर्षी आपोआप कोरडी होत जातात. दहाव्या वर्षी पाच टक्क्यांच्या आसपास उरतात. मोठ्या माणसांतही शंभरात एखाद्याला हा त्रास असतो. मुलग्यांमध्ये हे प्रमाण मुलींच्या जवळपास दुप्पट आहे.

‘दरवर्षी १५ टक्के आपोआप’ हे जरा लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गमतींची किल्ली त्यात आहे.

उकडलेला उंदीर आणि कोंबड्याची श्वासनळी

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या ‘एबर्स पपायरस’ या वैद्यकीय गुंडाळीत मुलांच्या या तक्रारीवर उपाय आहे: जुनिपरची फळं, सायप्रस आणि बिअर. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात सांगतो, लहान मुलाच्या जेवणात उकडलेला उंदीर घाला. इंग्लंडमध्ये १५४५ साली थॉमस फेअर यांचं बालरोगांवरचं पुस्तक निघालं. इंग्रजीतलं या विषयावरचं ते पहिलं मानलं जातं. अंथरुणातल्या शूसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे आणि उपायांत कोंबड्याच्या श्वासनळीची पूड आहे. काटेरी हेजहॉगही त्या पानावरून सुटलेला नाही.

आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत बालरोगांमध्ये शय्यामूत्राची नोंद आहे. घरोघरी काळे तीळ आणि गूळ द्यायची पद्धत तर अजून चालू आहे. तीळगुळाने काही बिघडत नाही, उलट चव चांगली. पण त्याने मूल कोरडं होतं याला आधार नाही.

मग हे उपाय इतकी शतकं टिकले कसे? उत्तर त्या १५ टक्क्यांत आहे. १०० मुलांना उंदीर खाऊ घाला, तीळ द्या किंवा दंडाला गंडा बांधा. वर्षभरात त्यातली पंधरा-एक तशीही बरी होणार होती. श्रेय मात्र उंदराला मिळतं. आपल्या आळीतला खात्रीचा उपाय याच हिशेबाने खात्रीचा ठरलेला असतो.

मूत्रपिंडाची रात्रपाळी

मोठ्या माणसाला रात्रभर शूला उठावं लागत नाही, कारण मेंदू संध्याकाळनंतर ‘व्हॅसोप्रेसिन’ नावाचं संप्रेरक जास्त सोडतो. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी रक्तात परत घ्या, मूत्र कमी आणि घट्ट बनवा. काही मुलांमध्ये ही रात्रीची वाढ अजून सुरूच झालेली नसते. त्यांची मूत्रपिंडं दिवस असल्यासारखी कामाला जुंपलेली राहतात. डेन्मार्कमधल्या आरहूस इथल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात रात्री-दिवसाचे नमुने मोजून हे दाखवून दिलं.

या संप्रेरकाची नक्कल करणारं ‘डेस्मोप्रेसिन’ हे औषध १९६७ साली प्रागच्या प्रयोगशाळेत तयार झालं. आज ते सहल, लग्न, शिबिर अशा चार दिवसांसाठी फार उपयोगी पडतं. पण ते घ्यायच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळजवळ बंद ठेवावं लागतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते कधीच देऊ नका, आणि दुसऱ्याच्या मुलाचं उरलेलं तर मुळीच नाही.

एक साधं गणित

मुलाच्या वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. मूत्राशयात साधारण तेवढे मिलिलिटर मावतात. पाच वर्षांच्या मुलीला १८०, सहा वर्षांच्या मुलाला २१०, आठ वर्षांच्याला २७०. डॉक्टर हेच सूत्र वापरतात.

आता आपल्या घरातला झोपतानाचा दुधाचा पेला आठवा. तो सहज २०० मिलिलिटरचा असतो. त्यातलं सगळं पाणी काही रातोरात मूत्राशयात उतरत नाही, पण सहा वर्षांच्या जिवाला हे गणित अवघड जातं एवढं नक्की. दूध बंद करायची गरज नाही, फक्त ते शाळेतून आल्यावर द्या. त्यात कोको किंवा चॉकलेटची पावडर असेल तर नक्कीच, कारण त्यातलं थोडं कॅफीनही मूत्र वाढवतं. ‘अर्धा कपच चहा देतो हो’ म्हणणाऱ्या आजोबांनाही हे प्रेमाने सांगायला हवं. रात्रीच्या जेवणात पापड-लोणचं आणि वर वेफर्स झाले, की झोपताना तहान लागणारच. खारट पदार्थ दुपारी खाऊ द्या.

पाणी तोडू नका, हलवा

पालकांची पहिली प्रतिक्रिया असते, सहानंतर पाण्याचा थेंब नाही. बिचारं मूल तहानलेलं झोपतं आणि तरीही ओलं उठतं. खरी अडचण बहुधा दिवसात असते. पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येते. मुलीला शाळेतलं स्वच्छतागृह नको वाटतं, म्हणून ती पाणीच पीत नाही. मग चार वाजल्यापासून दिवसभराचं पाणी एकदम पोटात जातं.

चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात द्रवपदार्थ मिळून साधारण एक ते १.४ लिटर लागतं. त्याची वाटणी अशी जमते: ४० टक्के दुपारच्या सुट्टीपर्यंत, ४० टक्के संध्याकाळी पाचपर्यंत आणि उरलेलं २० टक्के नंतर. उन्हाळ्यात किंवा खेळून आलेल्या मुलाला तहान लागली तर अर्थातच द्या. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी प्यायची आठवण करून देणारी ‘वॉटर बेल’ सुरू केली होती. अशी घंटा प्रत्येक शाळेत हवी, आणि तिच्या जोडीला कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह हवं. दुसरं नसेल तर पहिलीचा उपयोग नाही.

१२० डेसिबलला न उठणारी मुलं

‘आमचा तर असा झोपतो, ढोल वाजवला तरी उठणार नाही!’ हे आई सांगते तेव्हा ती अतिशयोक्ती करत नसते. कॅनडातल्या ओटावामध्ये संशोधकांनी १९९७ साली अंथरूण ओलं करणाऱ्या आणि न करणाऱ्या मुलग्यांना झोपेत आवाज ऐकवले, हळूहळू वाढवत थेट १२० डेसिबलपर्यंत. न करणारे मुलगे सुमारे ४० टक्के वेळा जागे झाले. ओलं करणारे फक्त नऊ टक्के.

म्हणजे मूत्राशय भरल्याची सूचना आतून येते, पण दार उघडायला कुणी जागं नसतं. मूत्रपिंडांची रात्रपाळी उशिरा सुरू होणं, मूत्राशयात कमी मावणं आणि झोपेतून जाग न येणं, यातली शेवटची गोष्ट आणि पहिल्या दोन्हींतली एखादी जमून आली की चादर ओली. यात आळस कुठे आहे? हट्ट कुठे आहे? झोपेतलं मूल कुणावर सूड उगवत नसतं. हे मी ठासून सांगते, कारण अजूनही कित्येक घरांत सकाळची सुरुवात ‘एवढा घोडा झाला तरी’ याच वाक्याने होते.

मूत्राशयाचा शेजारी

ओटीपोटात मूत्राशय आणि गुदाशय हे एकाच खोलीतले दोन भाडेकरू आहेत. एकाने सामान पसरलं की दुसऱ्याची अडचण. शी साठून कडक झाली की गुदाशय फुगतो, मूत्राशयाला दाबतो, आणि तिथे कमी जागा उरते. अमेरिकेतल्या डॉ. व्हेरा लोएनिंग-बाउके यांनी १९९७ मध्ये बद्धकोष्ठाच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: बद्धकोष्ठ बरा केल्यावर त्यातल्या अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांचं रात्रीचं ओलं होणंही थांबलं. वेगळं काही न करता!

म्हणून डॉक्टर शूची तक्रार ऐकून आधी शीची चौकशी करतात. शी रोज होते का? खड्यासारखी असते का? कमोडवर बसताना मुलाचे पाय लोंबकळतात का? तसं असेल तर पायाखाली पाट किंवा लहान स्टूल द्या. पाय टेकले की जोर नीट लागतो. भारतीय पद्धतीच्या संडासात हा प्रश्नच येत नाही.

बाबांना विचारा, त्याहून बरं म्हणजे आजीला

आई आणि बाबा दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला असण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के. एकाला असेल तर सुमारे ४४. कुणालाच नसेल तर १५. डॅनिश संशोधक हान्स आयबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली काही कुटुंबांतल्या या वारशाचा माग १३व्या गुणसूत्रापर्यंत काढला.

बाबा बहुधा म्हणतील, ‘मी? छे!’ आजीला विचारा. चौथीपर्यंत कोण ओलं होत होतं, आत्याच्या लग्नात कुणामुळे गादी धुवावी लागली, तिला सगळं तारीखवार आठवतं. हे मुलाला जरूर सांगा. ‘बाबालापण व्हायचं, आणि मग आपोआप थांबलं’ या एका वाक्याने मुलाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. ते उतरताना चेहऱ्यावर दिसतं.

पायावर बसवून ‘शूऽऽ’

आपल्याकडे आजी बाळाला दोन पायांवर बसवते आणि तोंडाने ‘शूऽऽ’ करते. काही महिन्यांत बाळ तो आवाज ओळखतं आणि शू करतं. दुपटी वाचतात, दिवसाची सवय लवकर लागते. फार हुशार पद्धत आहे ही.

पण रात्रीचं काय? झुरिचमध्ये रेमो लार्गो यांच्या गटाने १९५० आणि १९७०च्या दशकांतल्या मुलांच्या दोन पिढ्या ताडून पाहिल्या. पहिल्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्या मुलांना पहिल्याच वर्षात भांड्यावर बसवायला सुरुवात झाली होती. दुसऱ्या पिढीत ती वर्षभराहून उशिरा झाली. मूत्राशयावरचा रात्रीचा ताबा दोघांनाही साधारण एकाच वयात आला. तेव्हा ‘आमच्या वेळी असं नव्हतं, तुम्ही डायपर लावून बिघडवलं’ असं कुणी म्हणालंच, तर झुरिचची आठवण ठेवा आणि शांत राहा.

घंटेची गोष्ट

सगळ्यात चांगला उपाय चुकून सापडला. १९०४ मध्ये बालरोगतज्ज्ञ माइनहार्ड फॉन फाउंडलर यांनी रुग्णालयातल्या मुलांच्या अंथरुणाखाली विजेचं एक उपकरण बसवलं. हेतू इतकाच, की मूल ओलं झालं की परिचारिकेला कळावं आणि तिने कपडे बदलावेत. पण मुलं हळूहळू कोरडीच राहू लागली.

त्याचं रीतसर उपचारात रूपांतर केलं ते अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या होबार्ट आणि विली मे मोरर या नवराबायकोंनी, १९३८ साली. मांडणी पाहा. तारेच्या जाळीचे दोन थर, मध्ये जाड सुती कापड, एक बॅटरी आणि एक घंटा. कापड कोरडं असेपर्यंत दोन जाळ्यांचा संबंध येत नाही. मुतात मीठ असतं, त्यामुळे ते वीज वाहून नेतं. पहिल्या काही थेंबांनी कापड भिजलं की दोन जाळ्या जोडल्या जातात, मंडल पुरं होतं आणि घंटा वाजते. मूल दचकतं, शू अर्ध्यात थांबते, उठून उरलेली न्हाणीघरात. मोरर दांपत्याने ३० मुलांवर हे करून पाहिलं आणि सगळी कोरडी झाल्याचं नोंदवलं. पुढे होबार्ट मोरर अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्षही झाले.

आजचं यंत्र काडेपेटीएवढं असतं आणि चड्डीला चिमट्याने लागतं. सुमारे दोन तृतीयांश मुलांना याचा गुण येतो, आणि औषध थांबवल्यावर ओलं व्हायला लागतं तसं इथे सहसा होत नाही. मात्र धीर हवा. दोन-तीन महिने लागतात. पहिले काही आठवडे यंत्राच्या आवाजाने मूल सोडून अख्खं घर जागं होतं! तेव्हा मोठ्यांपैकी कुणीतरी उठून त्याला खरोखर जागं करायचं, डोळे उघडून स्वतःच्या पायांनी चालत न्यायचं. सलग १४ रात्री कोरड्या गेल्या की यंत्र काढता येतं. पुन्हा सुरू झालंच, तर पुन्हा लावायचं.

झोपेतल्या मुलाला रात्री बारा वाजता उचलून न्हाणीघरात उभं करणं हा आपला आवडता उपाय. त्याने त्या रात्रीची चादर वाचते. मूल मात्र त्यातून काही शिकत नाही, कारण ते झोपलेलंच असतं.

डोक्यावर सूप

जुन्या कोरियात अंथरूण ओलं केलेल्या मुलाच्या डोक्यावर सकाळी धान्य पाखडायचं सूप पालथं घालत आणि त्याला शेजारी मीठ मागायला पाठवत. सुपासकट दारात उभं राहिलेलं मूल पाहताच शेजारणीला सगळा प्रकार कळे. ती मीठ देई, वर त्या सुपावर दोन टपल्याही मारी. जपानमध्ये मुलांना सांगतात, आगीशी खेळलास तर रात्री अंथरुणात शू होईल.

यातलं हसण्यासारखं इथे संपतं. जॉर्ज ऑर्वेल आठ वर्षांचे असताना इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नच्या सेंट सिप्रियन्स या निवासी शाळेत गेले आणि तिथे अंथरूण ओलं करू लागले. त्यासाठी त्यांना घोड्याच्या चाबकाने मारलं गेलं. त्यावरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये छापून आला. चाळिशी उलटलेला इतका मोठा लेखक ती सकाळ विसरला नव्हता. अमेरिकी दूरचित्रवाणीवरचे लाडके अभिनेते मायकल लँडन यांची आई ओल्या चादरी खिडकीबाहेर सगळ्यांना दिसतील अशा टांगायची. शाळेतल्या मुलांच्या आधी घरी पोचून ती चादर काढायची म्हणून हा मुलगा रोज जिवाच्या आकांताने पळायचा. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच त्यावर चित्रपट केला.

मारल्याने, हिणवल्याने, पाहुण्यांसमोर सांगितल्याने मूत्रपिंड लवकर मोठं होत नाही. मूल मात्र झोपायला घाबरू लागतं.

रात्री दोन वाजता उपयोगी पडणारं

अंथरूण असं घाला: गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि पुन्हा चादर. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर ओढून बादलीत टाकायचे, खाली कोरडं अंथरूण तयार असतं. उशाशी कोरडी चड्डी आणि टॉवेल ठेवलेला असला, की मंद दिव्यात, न बोलता, पाच मिनिटांत सगळे परत झोपतात. कोकणात पावसाळ्यात कापसाची गादी भिजली तर चार-चार दिवस वाळत नाही, तिथे तर मेणकापडाला पर्यायच नाही. ताज्या मुताला फारसा वास नसतो. जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तेव्हा तो उग्र वास सुटतो, म्हणून चादर लगेच गार पाण्यातून काढा.

झोपण्याआधी दोनदा शू: एकदा दात घासताना आणि एकदा दिवा मालवण्याआधी.

चांदणीचं कार्ड करणार असाल तर चांदणी कशासाठी देता ते पाहा. ब्रिटनमधली २०१० सालची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, बक्षीस मुलाच्या हातात असलेल्या गोष्टीसाठी द्या. दिवसा पाणी प्यायलं, झोपताना शूला गेलं, सकाळी चादर बादलीत टाकायला मदत केली, या सगळ्याला चांदणी. कोरड्या रात्रीला चांदणी देऊ नका, कारण ती झोपेत मिळवता येत नाही.

इथे मात्र थांबू नका

सहा महिने किंवा अधिक काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, तर कारण शोधावं लागतं. घरात नवं बाळ, शाळा बदलणं, घरातली भांडणं किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, काहीही असू शकतं. त्यासोबत मूल सारखं पाणी मागत असेल, वजन उतरत असेल, मलूल दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. टाइप १ मधुमेहाची सुरुवात अशी होते आणि एक साधी रक्तातल्या साखरेची तपासणी तो पकडते. शू करताना दुखणं, दिवसाही कपडे ओले होणं, शूची धार सतत बारीक असणं, हीसुद्धा डॉक्टरांना दाखवायची लक्षणं. मूल मोठ्याने घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर तेही सांगा. वाढलेल्या टॉन्सिल-ॲडेनॉइड्समुळे झोप बिघडते, आणि त्यावर उपचार झाल्यावर अनेक मुलं रात्री कोरडी राहू लागतात.

मामाच्या गावाला जाताना

‘जागतिक बेडवेटिंग दिन’ मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असतो. आपल्याकडे तेव्हा सुट्टी संपत आलेली असते, आणि कितीतरी मुलं केवळ या भीतीपोटी आजोळी राहायला गेलेली नसतात. असं होऊ देऊ नका. मामीला आधीच फोन करून सांगा, मुलाच्या समोर नको. पिशवीत दोन मेणकापडं, गडद रंगाच्या दोन चादरी आणि ओल्या कपड्यांसाठी एक झिपची पिशवी टाका. डॉक्टरांनी सहलीपुरती गोळी दिली असेल तर ती घरी आधी चार रात्री देऊन पाहा, म्हणजे तिथे नवलाई नको. भावंडांच्या लांबलचक पंगतीत त्याचं अंथरूण कडेला, न्हाणीघराच्या बाजूला घालायला सांगा आणि बोळात दिवा चालू राहू द्या. आणि हा वारसा आईच्या बाजूने आला असेल, तर पहिल्याच रात्री मामालाच त्याच्या शेजारी झोपवा. त्याच्याकडे भाच्याला सांगण्यासारखं बरंच असेल.